बाबांची मेडलं, वर्दी आणि ट्रंकेतले कागद: घेणारा सगळंच मागून राहिला, काय करावं?

नरखेडची_लेक

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच येईल.

माझे बाबा ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये होते. १९६८ ची भरती, १९९४ ला सुभेदार म्हणून पेन्शनवर आले. मागच्या दिवाळीनंतर गेले. आता नागपुरातलं दिघोरीचं घर बिल्डरकडे जाऊन राहिलं, इमारत होईपर्यंत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचं आहे. म्हणून माळा रिकामा केला आणि बाबांची काळी ट्रंक खाली उतरवली. झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं नंबर-नाव अजून वाचता येतं.

आत ओजी (ऑलिव्ह ग्रीन) वर्दीचे दोन जोड, एक अंगोला शर्ट, गरुडाच्या बिल्ल्याची बेरे कॅप, पितळी बकलाचा पट्टा आहे. सहा मेडलं एका रांगेत लावलेला बार आहे, तो बाबा २६ जानेवारीला कोटावर लावायचे. शिवाय पुठ्ठ्याच्या चार छोट्या डब्या. त्या डब्या आम्ही कोणी कधी उघडलेल्या पाहिल्या नाहीत. आणि कागद: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), सुटीचे पास, बदलीच्या ऑर्डरी, आजीला पाठवलेली पत्रं, एका दोरीत बांधलेली.

दादाच्या ओळखीतून एक गृहस्थ घरी आले. जुन्या लष्करी वस्तू घेतात म्हणे. बार त्यांनी नुसता उचलून ठेवून दिला. डब्या मात्र उघडून खिशातल्या भिंगाने बराच वेळ पाहिल्या. सगळ्याचे मिळून १८ हजार सांगितले, पण अट अशी की कागद पण पाहिजेत, डिस्चार्ज बुकासकट. कागदाशिवाय घेत नाही म्हणाले.

दादा म्हणतो देऊन टाकू, फ्लॅटमध्ये ट्रंक ठेवायची कुठे? आई म्हणते, तुम्ही ठरवा, पण वर्दी नका देऊ. मला यातलं काहीच कळत नाही. १८ हजार जास्त आहेत की कमी, हाही माझा प्रश्न नाही. त्या माणसाला कागद कशाला पाहिजेत, हे मला आधी समजून घ्यायचं आहे.

बर्डीवाला

ताई, बरं झालं आधी विचारलं.

मी बिल्ले आणि मेडलं जमवतो. नोकरीत होतो तेव्हापासूनचा नाद आहे, आता रिकामा आहे म्हणून जरा वाढला. तो गृहस्थ खोटा असेलच असं नाही. पण त्याने बार बाजूला ठेवला आणि डब्या पाहिल्या, म्हणजे माणूस जाणकार आहे.

बाबांच्या कोटावरचा बार बहुतेक बाजारातला असेल. यात कमीपणा काही नाही. आपल्याकडे खरी मेडलं मिळायला वर्षानुवर्षं लागतात, आणि परेड तर उद्यावर आलेली असते. मग जवान रेजिमेंटच्या सेंटरच्या बाहेरच्या टेलरकडून रिबन आणि मेडलांचा तयार बार शिवून घेतो. लावायला तोच. खरी मेडलं नंतर आली की डबीत राहतात. कित्येकांची तर येतच नाहीत, कारण तोवर माणूस पेन्शनवर गेलेला असतो.

ओळखायचं कसं? मेडलाची तोंडाची बाजू पाहू नका, कड पाहा. खऱ्या मेडलाच्या कडेवर इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट ठोकलेलं असतं. अक्षरं बारीक असतात, म्हणून दिवसा खिडकीशी बसून, मेडल हळूहळू फिरवत वाचा. टेलरच्या मेडलाची कड कोरी असते. ते हाताला हलकंही लागतं आणि बहुतेक वेळा जास्त चमकतं.

आता कागदाचं. आपल्या मोहिमांच्या मेडलांत चांदी नसते. संग्राम मेडल तांब्या-निकेलचं आहे, ७१ च्या युद्धाचे ‘पूर्वी स्टार’ आणि ‘पश्चिमी स्टार’ एक प्रकारच्या ब्राँझचे. मोडीत त्याला कोणी विचारणार नाही. चांदी असते ती वीर चक्र, सेना मेडल अशा शौर्याच्या मेडलांत. त्यात संग्राम मेडल ७१ च्या वेळी सेनेत असलेल्या सगळ्यांना मिळालं, तुमचे बाबा त्या लाखोंतले एक. मग घेणारा पैसे कशाचे देतो? माणसाचे देतो. हा माणूस कुठे होता, कोणत्या पलटणीत होता, कधी होता. आणि कडेवर बहुतेक नुसतं रेजिमेंटचं नाव असतं, पलटणीचा नंबर नसतो. गार्ड्सच्या पलटणी किती! त्यातली बाबांची कोणती, हे फक्त कागद सांगतात.

समजा, डबीत पूर्वी स्टार निघाला. तो ७१ ला पूर्व आघाडीवर असलेल्यांना मिळाला. तिकडे ४ गार्ड्स होती, जिला हेलिकॉप्टरने मेघना नदीपार उतरवलं. १४ गार्ड्सही होती, जिच्या लान्स नायक अल्बर्ट एक्कांना गंगासागरच्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. डिस्चार्ज बुकात यातली एखादी पलटण आणि त्या तारखा सापडल्या, तर तो स्टार एका ठरावीक नदीचा, एका ठरावीक गावाचा होतो. कागद काढून घ्या, की तोच स्टार हजारांतला एक. म्हणून तो गृहस्थ कागदासाठी अडून बसला आहे.

म्हणून म्हणतो, विकायचं की नाही ते तुमचं घर ठरवेल, पण फोडू नका. मेडलं एकाला, बिल्ला दुसऱ्याला, पत्रं रद्दीत, असं झालं की पुन्हा कोणालाही जोडता येत नाही. माझ्याकडे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल आहे, इतवारीतल्या एका सराफाकडून वजनावर घेतलेलं. ते चांदीचं असतं, म्हणून आपल्या भागातली कितीतरी वितळली. माझ्याकडच्याचं वरचं टांगायचं कडं कापून तिथे साधी कडी डाकलेली आहे, कोणीतरी गळ्यात घालायला करून घेतलं असणार. पंचम जॉर्ज एका बाजूला, घोडेस्वार दुसऱ्या बाजूला, दोन्ही छान शाबूत. कड मात्र कानशीने घासून साफ. कोण होता, कुठून गेला, मेसोपोटेमियात होता की फ्रान्सला, काही म्हणजे काही सांगता येत नाही. चांदी आहे तेवढी आहे.

कडा वाचून इथे लिहा. नाव आणि पूर्ण नंबर लिहू नका.

हवालदार_क्लर्क_रि

जय हिंद ताई. मी पलटणीत क्लर्क होतो, माझं सगळं आयुष्य याच कागदांत गेलं. बर्डीवाल्या काकांचं संग्रहाचं म्हणणं बरोबर असेल, मी घरातल्या माणसाचं सांगतो.

आई हयात आहेत. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. १८ हजार सोडा, १८ लाख दिले तरी नाही.

कारण ऐका. फॅमिली पेन्शनमध्ये काही अडलं, नावात फरक निघाला, जन्मतारीख जुळली नाही, की पहिला कागद हाच मागतात. आपल्याकडे तर हे हमखास होतं. लग्नानंतर कागदावर बायकोचं नाव एक लिहिलेलं, आधारवर दुसरं. डिस्चार्ज बुकात पत्नीचं आणि मुलांचं नाव नोंदलेलं असतं. आईचं नाव आधारशी अक्षर न् अक्षर जुळतं का, हे आजच पाहून घ्या. जुळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते रेकॉर्ड ऑफिसला लिहायचा रस्ता सांगतील.

दुसरं म्हणजे त्यात बाबांच्या अंगावरच्या खुणा, घरचा पत्ता, वारस, सगळं आहे. पीपीओ नंबर अनोळखी माणसाच्या हातात देणं म्हणजे घराची किल्ली देणं. जी माणसं फोनवर पेन्शनवाल्यांना फसवतात त्यांना हेच पाहिजे असतं.

आणि आणखी एक. ज्यांना पेन्शन नव्हती अशा लोकांचे कागद रेकॉर्ड ऑफिस २५ वर्षांनी नष्ट करतं. बाबा पेन्शनर होते, त्यामुळे तुमचं तसं नाही. पण इथे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी युद्धकाळात पाच-सात वर्षं नोकरी करून आलेले आजोबा होते, त्यांच्याकडे घरात असेल तोच शेवटचा कागद, असं धरून चाला.

वर्दीबद्दल आई म्हणतात ते मान्य करा. वर्दी जमवणं हा गुन्हा नाही, पण आपण सैनिक आहोत असं भासवायला ती घातली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यानंतर सेनेने लोकांना आणि दुकानदारांना आवाहन केलं होतं, सेनेसारखे कपडे विकू नका, घालू नका. तुम्ही दिलेली वर्दी पुढे कोणाच्या अंगावर जाईल ते तुमच्या हातात नाही. घेणारा भला असेल, पण त्याच्याकडून घेणारा?

फेटरीचा_भाऊ

मी वेगळं बोलतो, राग नका मानू. आमच्या मामाची वर्दी अशीच आठवण म्हणून ठेवली होती. पावसाळ्यात कसर लागली, मग उंदीर. शेवटी जाळावी लागली. मामीने पाहिलं तेव्हा आम्हालाच वाईट वाटलं. जमवणारा माणूस निदान काचेत तरी ठेवतो ना जी. घरात सांभाळणारं कोणी नसेल तर देऊन टाकलेलं बरं. इथे सगळे इतिहास सांगून राहिले, ट्रंक उचलून कोणी नेत नाही.

नरखेडची_लेक

सगळ्यांचे आभार. काल दुपारी आईला घेऊन खिडकीशी बसले आणि डब्या उघडल्या.

बारवरच्या सहाही मेडलांच्या कडा कोऱ्या आहेत. डब्यांमध्ये चार मेडलं निघाली: पूर्वी स्टार, संग्राम मेडल, नऊ वर्षांच्या सेवेचं आणि वीस वर्षांच्या सेवेचं. चारहींवर बाबांचं नाव आहे. बारवर यांच्याशिवाय सैन्य सेवा मेडल आणि स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं मेडल आहे, त्यांच्या डब्या नाहीत.

पण एक घोळ आहे. तीन मेडलांवर एक नंबर आहे. वीस वर्षांवाल्यावर पूर्ण वेगळा, त्याच्या आधी जे आणि सी अशी अक्षरं. हुद्देही वेगळे. स्टारवर जी-डी-एस-एम असं काहीतरी आहे. दादा म्हणतो वीस वर्षांचं मेडल दुसऱ्याच कोणाचं तरी चुकून आलं, नाव सारखं असेल. ते गृहस्थही त्या दिवशी असंच म्हणाले होते, नंबर जुळत नाहीत म्हणून भाव कमी सांगितला.

डिस्चार्ज बुकात ४ गार्ड्स लिहिलं आहे. आईला मेघनेचं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, बाबा एकदा म्हणाले होते की हेलिकॉप्टरमध्ये पहिल्यांदा बसलो तेव्हा भीती गोळीची नव्हती, पडायची होती. हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

बर्डीवाला

ताई, तुमच्या दादाला सांगा, मेडल बाबांचंच आहे. आणि त्या गृहस्थाला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

जवानाला भरतीच्या वेळी एक नंबर मिळतो. तोच शिपाई नायब सुभेदार झाला, म्हणजे जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) झाला, की त्याला नवा नंबर मिळतो, जेसी अक्षरांचा. तुमचे बाबा १९६८ चे. वीस वर्षं १९८८ ला पूर्ण झाली, तोवर ते जेसीओ झालेले, म्हणून त्या मेडलावर नवा नंबर आला. जी-डी-एस-एम म्हणजे गार्ड्समन. पायदळाच्या बऱ्याच रेजिमेंटांत शिपाई म्हणतात, गार्ड्समध्ये गार्ड्समन. स्टार त्यांना मिळाला तेव्हा ते साधे गार्ड्समन होते. नऊ वर्षांवाल्यावर बहुतेक नायक किंवा लान्स नायक असेल, पाहा.

म्हणजे तुमच्या चार डब्यांत एका माणसाची सगळी चढण ओळीने ठोकलेली आहे, गार्ड्समन ते जेसीओ. जमवणारे असा संच शोधत फिरतात. याला नंबर जुळत नाही म्हणून भाव पाडणं, ही सरळ सरळ चलाखी आहे. डिस्चार्ज बुकात दोन्ही नंबर लिहिलेले असतील, पहिली पानं पाहा.

फेटरीच्या भाऊंचंही खोटं नाही. घरी ठेवायचं तर सांभाळता आलं पाहिजे, आणि नागपूरचं हवामान म्हणजे उन्हाळ्यात भट्टी आणि जुलैत दमट. म्हणून थोडं सांगतो. वर्दी प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, घाम सुटतो. धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटात गुंडाळा. घडीच्या जागी कापड विरतं, तिथे मांजरपाटाची वळकटी घाला आणि दरवर्षी घडी बदला. बिल्ला, बटणं, बकल काढून वेगळी ठेवा, पितळेचा हिरवा थर कापडात उतरतो. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, कापडाला थेट लागू देऊ नका. अंगोला शर्टात लोकर आहे, कसर आधी तिथेच लागेल. ट्रंक जमिनीवर नको, दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा.

मेडलांना ब्रासो पॉलिश लावू नका. बाबांनी बकलाला आयुष्यभर लावला असेल, ते ठीक, पण मेडलाच्या कडेवरची अक्षरं घासली गेली की संपलं. स्टार काळपट दिसतो तो तसाच बरा. चिंध्या झाल्या तरी जुनी रिबन फेकू नका. बाजारातला बारही फेकू नका, बाबांनी लावलेला तोच आहे.

कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, टाचण्या काढून टाका. स्कॅन करून ठेवा आणि मूळ कागद सपाट.

आणि द्यायचंच असेल तर आधी कामठीला गार्ड्सच्या सेंटरला विचारा. तुमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. मूळ डिस्चार्ज बुक घरी ठेवून त्याची प्रत मेडलांसोबत दिली तरी जोड टिकते. घेतील की नाही ते त्यांच्यावर, पण विचारायला हरकत काय?

तिकीटवाले_काका

मेडलांतलं मला कळत नाही, पण दोरीत बांधलेल्या पत्रांकडे अजून कोणी वळलं नाही म्हणून लिहितो.

बाबांनी पाठवलेल्या पत्रांवर ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) असेल, आणि शिक्क्यात एफपीओ, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस, आणि एक आकडा. सैनिकी टपालाचा तो शिक्का मुद्दामच गावाचं नाव सांगत नाही. पण कोणता आकडा कोणत्या काळात कुठे होता, हे शोधणारे लोक आहेत, मी त्यातलाच एक. डिसेंबर १९७१ ची तारीख असलेलं पत्र असेल तर ते वेगळं काढा. ४ गार्ड्सच्या माणसाचं, त्या महिन्यातलं, शिक्का वाचता येणारं पत्र मी आजवर हातात धरलेलं नाही.

आजीने किंवा घरच्यांनी बाबांना पाठवलेले लिफाफे त्यांनी जपून परत आणले असतील, तर त्यांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक तिकीट शोधा. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पूर्व बंगालमधल्या निर्वासितांसाठी टपालावर पाच पैसे कर होता. सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच निर्वासित मदतीचे शब्द छापून ते काढलं होतं. तिकीट सोडवून पाण्यात घालू नका, कात्रीने कापू नका, कोणी कितीही मागितलं तरी. लिफाफ्यावरचं तिकीट, शिक्का आणि पत्ता एकत्र असेल तरच त्याला अर्थ आहे. पत्रात घरगुती मजकूर असेल तर आतला कागद तुमच्याकडे ठेवा, मला फक्त लिफाफ्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो दाखवला तरी शिक्का वाचून सांगतो. विकत मागत नाही.

नरखेडची_लेक

काका, डिसेंबर ७१ चं आहे एक. तारीख २२ असावी, शेवटचा आकडा पुसट आहे. निळं-हिरवं अंतर्देशीय. आत आजीला लिहिलंय की बैलजोडी विकू नका, मी येतो मग पाहू. संत्र्याच्या बागेला पाणी कोण देऊन राहिलं, हेही विचारलंय. लढाईचा एक शब्द नाही. शिक्क्याचा फोटो संध्याकाळी टाकते.

दादाशी बोलणं झालं. नऊ वर्षांवाल्या मेडलावर नायक आहे, बुकात दोन्ही नंबर सापडले, ते त्याला दाखवले. त्या गृहस्थांना त्याने स्वतःच फोन करून नाही सांगितलं. ट्रंक फ्लॅटमध्ये माझ्याकडे येईल, दिवाणाखाली बसते, मोजून पाहिलं. उंदरांचं भाऊंनी सांगितलं ते लक्षात आहे.

आता ज्या दोन मेडलांच्या डब्या नाहीत, ती बाबांना मिळालीच नाहीत असं समजायचं का? आईच्या नावाने मागता येतील?

हवालदार_क्लर्क_रि

मागून पाहा. मिळाली नसतील किंवा बदलीत हरवली असतील, दोन्ही शक्य आहे. अर्ज आईच्या नावाने करा, तुमच्या नाही. पत्ता: अभिलेख कार्यालय, ब्रिगेड ऑफ द गार्ड्स, कामठी. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

अर्जात हे टाका: बाबांचा जुना नंबर आणि जेसी नंबर दोन्ही, हुद्दा, पूर्ण नाव बुकात आहे तसंच, पलटण, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ नंबर. सोबत मृत्यू प्रमाणपत्राची आणि डिस्चार्ज बुकाच्या पानांची झेरॉक्स, मूळ नाही. जी चार मेडलं मिळाली त्यांची यादी द्या, आणि सैन्य सेवा व २५ व्या वर्षाच्या मेडलाबद्दल मिळालं होतं का, अशी विचारणा करा. डिस्चार्ज बुकात मेडलांचं एक पान असतं, तिथे ही दोन लिहिलेली असतील तर त्या पानाची झेरॉक्स सगळ्यात वर लावा. सैन्य सेवा मेडलाला क्लास्प असतो, म्हणजे रिबनवरची पट्टी, कोणत्या भागात नोकरी झाली त्याची. बुकात क्लास्पचं नाव असेल तर तेही लिहा.

उत्तर यायला वेळ लागतो, महिना-दोन महिन्यांत आलं नाही म्हणून नाराज होऊ नका. तीन महिन्यांनी पोचपावतीचा नंबर टाकून स्मरणपत्र पाठवा. अर्ज मराठीत नको, हिंदीत करा. मसुदा इथे टाकलात तर मी पाहून देतो.